पुसणारा पाय

मुकुंदरावांना काही सुचेनासं झालंय, हे वेणूबाईंना पक्कं कळलं ते जेवायच्या पाटावर. आमटीत मीठ पडलं नव्हतं. एरवी एवढ्यावरून या माणसानं घर डोक्यावर घेतलं असतं, मीठ आपोआप मोजून पडेल असं यंत्र करून दाखवतो म्हणून उष्ट्या हातानं उठला असता. त्या दिवशी त्यांनी अळणी आमटी दोनदा मागून घेतली आणि ‘छान झालीय’ म्हणाले.

हुबळीच्या केशवापुरातल्या त्यांच्या घरामागं पत्र्याची एक शेड होती. तिला मुकुंदराव कारखाना म्हणत आणि सासरची माणसं अडगळ म्हणत. रेल्वेच्या वर्कशॉपातली चांगली नोकरी सोडून मुकुंदरावांनी तिथं यंत्रं करायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांनी बोल लावला तो वेणूबाईंना. जसं काही त्यांनीच नवऱ्याच्या हातून ती नोकरी काढून घेतली होती. पण ते जाऊ दे. त्या शेडमध्ये मुकुंदराव एकटे नव्हते, ही खरी गोष्ट होती. त्यांचे भागीदार होते अप्पाजी. धारवाडचे, मूळचे शिवणयंत्रं दुरुस्त करणारे. घरी कन्नड बोलणारे, मुकुंदरावांशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारे, आणि बहुतेक वेळ काहीच न बोलणारे.

दोघांची काम करायची रीत जगावेगळी होती. सुरुवातीला दोघं एकेका खिळ्यावरून इतके भांडत की एकदा पकड फेकून मारण्यापर्यंत पाळी आली. तेव्हा त्यांनी ठरवलं की बोलायचंच नाही. शेडमध्ये शहाबादी फरशी होती. मुकुंदरावांनी दिवसभर त्या फरशीवर खडूनं यंत्र काढायचं आणि संध्याकाळी घरात निघून जायचं. मग अप्पाजींनी धारवाडहून येऊन एकटं उभं राहून ते बघायचं आणि जे पटलं नाही ते पायानं पुसून टाकायचं. का पुसलं ते सांगायचं नाही, मुकुंदरावांनीही विचारायचं नाही. पुसणाऱ्यानं स्वतः एकही रेघ काढायची नाही. सकाळी जिथं जागा मोकळी दिसेल तिथं मुकुंदरावांनी दुसरं काहीतरी काढायचं. विद्येला पाय लावायचा म्हणून अप्पाजी आधी वाकून फरशीला हात लावत, तो कपाळाला नेत, आणि मग पाय फिरवत. बारा वर्षं हे चाललं होतं. शेंगा फोडायचं त्यांचं यंत्र असंच झालं, आणि ते हुबळीपासून गदगपर्यंत गेलं.

पुढं १९५८ साली हुबळीच्या व्यापाऱ्यांनी त्या यंत्राबद्दल सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार, सगळं यथासांग. मंचावर खुर्ची मात्र एकच. आता खुर्ची एकच असली तर भला माणूस दुसरी मागून घेतो. मुकुंदरावांनी घेतली नाही. वर भाषणात ‘माझं यंत्र, माझं यंत्र’ असा धोशा लावला. बायकांच्या बाजूला बसलेल्या वेणूबाईंना घाम फुटला. पलीकडे अप्पाजी खाली सतरंजीवर बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचीच वेणूबाईंना जास्त भीती वाटली.

त्या आठवड्यात शेडमधल्या फरशीवर नवं यंत्र होतं, मिरचीचे देठ काढायचं. विठ्ठलराव म्हणून मिरचीचे मोठे व्यापारी होते, त्यांनी ते मागितलं होतं. ब्याडगी मिरचीचे देठ खुडायला त्यांच्या वखारीत बायका दिवसभर बसत आणि रात्री हातांच्या आगीनं त्यांना झोप येत नसे. शनिवारी संध्याकाळी अप्पाजींनी पाय फिरवला नाही. त्यांनी बादली भरून आणली, सगळी फरशी धुतली, फडक्यानं कोरडी केली आणि गेले. एकही रेघ शिल्लक नव्हती. त्यानंतर ते आले नाहीत. मागच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, तीही तशीच त्यांच्याकडे राहिली.

“रुसलाय,” मुकुंदराव म्हणाले. “येईल आठ दिवसांत.”

आठ दिवस गेले, नागपंचमी गेली, गणपती गेले. वेणूबाईंनी एकदा सुचवून पाहिलं, “तुम्हीच जाऊन या ना धारवाडला. लांब का आहे?”

“मी कशाला जाऊ? त्याला काही खुपलं होतं तर तोंडानं सांगायचं.”

बघा म्हणजे. बारा वर्षं तोंड न उघडायचा नियम यांनीच पाळायचा, आणि आता समोरच्यानं तोंड उघडलं नाही म्हणून यांनीच फुगायचं. पुरुषांच्या अशा रुसव्याला काही औषध नसतं.

मुकुंदराव रोज सकाळी शेडमध्ये जात होते. खडू घेऊन वाकत होते. संध्याकाळी घरात येत होते. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर काढलेलं सगळं जसंच्या तसं असायचं. पहिले काही दिवस त्यांना बरंच वाटलं, मग त्यांना त्या चित्राची धास्ती वाटायला लागली. बरोबर आहे म्हणून राहिलंय, की पुसायला कुणी नाही म्हणून राहिलंय, हे कळेना. स्वतःच्या पायानं पुसून पाहिलं, तर पुसलेली रेघ बरोबर होती असं वाटायचं. तीच पुन्हा काढली की चुकीची वाटायची. होता होता त्यांनी खडू हातात घ्यायचंच सोडलं. स्टुलावर बसून एकच स्क्रू बोटात फिरवत राहायचे.

“मी कधी काही केलंच नसेल गं,” एका दुपारी ते म्हणाले. “नुसत्या रेघा मारत होतो. यंत्र सगळं त्याच्या पायात होतं.”

वेणूबाई धसकल्या. त्यांनी आपल्या वडिलांना असंच बसलेलं पाहिलं होतं. धारवाडला चांगली वकिली चालली होती त्यांची, एक मोठा खटला हरले आणि ओट्यावर येऊन बसले, ते पुढची दहा वर्षं बसलेच. जेवायला हाक मारली की येत, झोप म्हटलं की झोपत. माणूस डोळ्यांना दिसत होता पण घरात नव्हता. तसाच हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत चाललाय, आणि आपल्याला काही करता येत नाही, या विचारानं त्यांच्या हातातलं काम सुटायला लागलं. मिठाचं विसरणंही त्यातूनच आलं होतं.

पुढं जे झालं ते ठरवून झालं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. नाहीतर वेणूबाईंना कुणी कारस्थानी म्हणेल. विठ्ठलराव येऊन ‘मिरची येईल आता, यंत्र कुठंय’ असा तगादा लावून गेले, म्हणून मुकुंदरावांनी एक दिवस कसंबसं काहीतरी काढलं होतं. संध्याकाळी वेणूबाई शेड झाडायला गेल्या. मन थाऱ्यावर नव्हतं. केरसुणी फिरली आणि चित्राचा उजवा कोपरा पार नाहीसा झाला. आता सकाळी आपली काही धडगत नाही, असं म्हणत त्या निजल्या.

सकाळी मुकुंदराव शेडमधून जवळजवळ धावत आले. धोतराचा सोगा सुटलेला होता.

“अगं, तो आला होता.”

“कोण?”

“कोण म्हणजे? अप्पा. उजवीकडचा दांडा पुसून गेलाय. बरोबर आहे त्याचं. तो दांडा तिथं असता तर मिरची आत जायच्या आधीच मोडली असती. मला कसं दिसलं नाही हे.”

कितीतरी आठवड्यांनी ते एका दमात एवढं बोलले होते. वेणूबाईंनी तोंड उघडलं. समोरचा चेहरा बघितला. आणि तोंड मिटलं.

एवढाच त्यांचा अपराध. पण एकदा गप्प बसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा गप्प बसावं लागतं. मुकुंदरावांनी दोन दिवस झपाटल्यासारखं काम केलं. तिसऱ्या दिवशी चित्र पुसलेलं नव्हतं तेव्हा पुन्हा स्क्रू बोटात आला. मग संध्याकाळी वेणूबाई शेडमध्ये गेल्या, दार ओढून घेतलं, अप्पाजी करायचे तसा फरशीला हात लावून कपाळाला लावला, आणि डोळे मिटून एका ठिकाणी पाय फिरवला. काय पुसलं ते त्यांना माहीत नव्हतं. खडू जिथं दाट दिसला तिथं त्यांनी पाय ठेवला होता.

मुकुंदरावांनी दुसऱ्या दिवशी जेवायला यायला उशीर केला. काम चालू झालं होतं.

आता रुसून बसलेला माणूस रोज संध्याकाळी धारवाडहून हुबळीला येतो, पाय फिरवतो आणि न भेटता परत जातो, यावर कुणाचा विश्वास बसेल? मुकुंदरावांचा बसला. अप्पाला बाजारातून मशीनचे सुटे भाग न्यायला यावंच लागतं, किल्ली त्याच्याकडे आहेच, आणि समोरून यायला त्याला लाज वाटते, असं सगळं त्यांनी स्वतःच जुळवलं. एवढंच नव्हे, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून पाच वाजले की हे टोपी घालून विद्यानगरकडे फिरायला जायला लागले. जाताना शेडमध्ये अप्पाजींसाठी विडा करून ठेवायचे.

त्या विड्यानं वेणूबाईंना जेरीस आणलं. ठेवलेला तसाच राहिला तर पंचाईत, टाकावा तर मागच्या परसात यांना दिसायचा. मग त्यांनी तो खाल्ला. जन्मात विडा न खाणारी बाई, त्यात मुकुंदरावांच्या हातचा चुना. तोंड भाजलं आणि ओठ लाल झाले.

“विडा खाल्लास होय गं?” मुकुंदराव फिरून आल्यावर म्हणाले.

“शेजारी हळदीकुंकू होतं.”

दुसऱ्या दिवशीही होतं, तिसऱ्या दिवशीही होतं. इतकी हळदीकुंकवं केशवापुरात श्रावणातसुद्धा होत नसतील. वेणूबाईंना हसू येत नव्हतं. लुगड्याच्या काठाला खडू लागलाय का, ओलं पाऊल फरशीवर उमटलंय का, आपलं पाऊल अप्पाजींच्या पावलाएवढं दिसतं का, हे बघण्यात त्यांचा जीव टांगणीला लागायचा. जास्त पुसलं की हे खचत, कमी पुसलं की यांना संशय येई. आणि सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच होती. आपल्याला काही कळत नाही, आपण आंधळ्यासारखं पुसतोय, उद्या यातून भलतंच काही उभं राहिलं तर काय?

कार्तिकात एकदा त्यांनी चित्राच्या मधोमध पाय फिरवला. तिथं दाट काहीतरी होतं. ते यंत्राचे दाते होते, देठ पकडून ओढणारे लोखंडी दाते. म्हणजे यंत्राचा जीवच. सकाळी मुकुंदराव ते बघून मटकन स्टुलावर बसले. वेणूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

“दातेच पुसले त्यानं,” मुकुंदराव म्हणाले. “दात्यांशिवाय देठ ओढायचा कशानं?”

चहा गार झाला. दुपारचं जेवण तसंच राहिलं. वेणूबाई देवासमोर बसून राहिल्या. आपल्या पायानं घराचं वाटोळं केलं, हे खरं खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात शंभरदा आलं. दिवस कलता कलता शेडमधून हाक आली. बघतात तर मुकुंदरावांनी सायकलची जुनी ट्यूब कातरून तिच्या पट्ट्या केल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमध्ये एक मिरची धरून देठ ओढत होते. देठ निघत होता. मिरची अख्खी राहत होती, एक बी सांडत नव्हतं.

“लोखंडी दात्यांनी मिरची फुटलीच असती,” ते म्हणाले. “दातेच नकोत म्हणत होता तो. आणि मी मूर्खासारखा दात्यांचा आकार बदलत बसलो होतो. अगं, या माणसाला काय म्हणावं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वेणूबाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण नवरा ज्याच्यासाठी रडत होता तो माणूस इथं आलाच नव्हता, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात बहिणीकडे जाते म्हणून त्या धारवाडला गेल्या. सुभाष रोडवर अप्पाजींचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहतील एवढं. शिवणयंत्रं, तेलाचा वास, आणि मधे चष्मा लावून बसलेले अप्पाजी. केस बरेच पिकले होते.

“बर्री अक्का, कूड्री. या, बसा,” म्हणत त्यांनी स्टूल पुढं केलं. मग बराच वेळ स्क्रू पिळत राहिले. शेवटी म्हणाले, “कसा आहे तो?”

“काम चाललंय. मिरचीचं.”

अप्पाजींचा हात थांबला. “एकटा करतोय?”

वेणूबाईंनी नुसती मान हलवली. होय अशी की नाही अशी, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“बरं झालं,” अप्पाजी म्हणाले. चेहरा मात्र बरं झाल्यासारखा नव्हता. “मला वाटायचं, आपल्यावाचून त्याचं अडेल. अडत नाही तर.”

“तुम्ही काही नवीन केलंत?”

“मी काय करणार अक्का? मला काढता कुठं येतं? कुणी काढलं तर मी पुसणार. इथं कोण काढतंय?” त्यांनी रस्त्याकडे बघितलं. “तो एकदा या दारात येऊन उभा राहिला असता, तर दुकान बंद करून मागोमाग निघालो असतो. पण यायला त्यानं पाहिजे.”

इथं वेणूबाईंनी बोलायला हवं होतं. समोर मोकळा, दुखावलेला, चांगला माणूस बसला होता. पण बोललं तर हा उद्या हुबळीला येणार, यांना खरं कळणार, आणि अर्धं झालेलं यंत्र तिथंच थांबणार, असं त्यांना वाटलं. यंत्र एकदा होऊ दे, मग सांगू. असं म्हणत त्या उठल्या. परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण होऊन अप्पाजींकडे कधीच जाणार नाहीत. कशाला जातील? अप्पाजी रोज येतात अशी यांची खात्री आहे. एक वाट बघतोय, दुसऱ्याचं वाट बघणं संपलंय, आणि दोघांच्या मधे आपण पाय रोवून उभ्या आहोत. वाटेतलं नवलूर गाव मागं पडेपर्यंत त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

तरी त्यांनी सांगितलं नाही. पौषात यंत्र उभं राहिलं. विठ्ठलरावांनी स्वतः एक पोतं ओतलं. शेडमध्ये इतका खकाणा उडाला की सगळे शिंकून शिंकून बेजार झाले, पण एका बाजूनं देठ पडत होते आणि दुसऱ्या बाजूनं अख्ख्या मिरच्या. विठ्ठलरावांनी तिथल्या तिथं रविवारचा सत्कार जाहीर केला.

“या वेळी शाल अप्पाला,” मुकुंदराव रात्री जेवताना म्हणाले. “मी आधीच चुकलो. उद्या सकाळी आपण दोघं जाऊन त्याला घेऊन येऊ.”

“उद्या नको. माझं डोकं चढलंय.”

“बसमध्ये उतरेल.”

सकाळपर्यंत वेणूबाईंनी मनातल्या मनात ते वाक्य पन्नासदा जुळवलं. चहाच्या वेळी सांगू, मग बसथांब्यावर सांगू, मग बसमध्ये. बसमध्ये मुकुंदराव लहान मुलासारखे खुशीत होते, चाळणीपासून दात्यांपर्यंत अप्पानं काय काय पुसलं आणि त्यातून काय काय सुचलं याची उजळणी करत होते. त्या प्रत्येक पुसण्यावर वेणूबाईंच्या तळपायाला चटका बसत होता. सुभाष रोड आला तरी वाक्य तोंडातच होतं.

अप्पाजींनी दोघांना दारात पाहिलं आणि उठून उभे राहिले. क्षणभर त्यांचं तोंड इतकं उजळलं की वेणूबाईंना वाटलं, इथंच सगळं थांबावं, कुणी काही बोलूच नये.

“चल अप्पा,” मुकुंदराव म्हणाले. “रविवारी सत्कार आहे. शाल तुला, खुर्चीवर तू.”

“मला? कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे? दाते पुसलेस म्हणून यंत्र झालं. मला काय कळत नव्हतं? तू यायचास म्हणून मी मुद्दाम बाहेर जात होतो.”

अप्पाजींनी चष्मा काढला. “मुकुंदा, फरशी धुतली त्या दिवसापासून मी हुबळीत पाय ठेवलेला नाही.”

मुकुंदराव हसले. “मग विडे कोण खात होतं?”

अप्पाजी वेणूबाईंकडे बघत होते. त्यांना समजलं होतं, आणि ते सांगणार नव्हते, हेही वेणूबाईंना दिसलं. आता गप्प बसणं सोपं होतं. पण या माणसानं आपलं खोटं झाकावं, हे त्यांना सोसवेना.

“मी खात होते,” त्या म्हणाल्या. “पुसत होते तीही मीच.”

“तू?” मुकुंदराव म्हणाले. “दाते?”

“मीच.”

“चाळणी? तो दांडा?”

“दांडा केरसुणीनं गेला. बाकी सगळं मी.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“काही कळत नाही. खडू दाट दिसेल तिथं पाय फिरवला. तुम्ही बाबांसारखे बसून राहाल म्हणून मी घाबरले होते. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं.”

मुकुंदराव दुकानाच्या पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्हणजे तू एकदाही आला नाहीस,” ते अप्पाजींकडे न बघता म्हणाले. रस्त्यानं टांगे जात होते, माणसं जात होती. वेणूबाईंना वडिलांचा ओटा आठवला. झालं. ज्याला भ्यालो तेच आपण आपल्या हातांनी केलं.

“पुन्हा चुकीच्याच माणसाला शाल घालायला निघालास,” अप्पाजी म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी हळूच विचारलं, “दात्यांच्या जागी काय घातलंस?”

“सायकलची ट्यूब.”

“गोल फिरते?”

मुकुंदरावांनी काउंटरवरचा शिंप्याचा खडू उचलला आणि दुकानाच्या फरशीवर दोन रेघा मारल्या. आणखी दोन मारल्या. अप्पाजींचा पाय चपलेतून बाहेर आला. तो तसाच थांबला.

“अक्का, आधी तुम्ही,” अप्पाजी म्हणाले.

इतके महिने वेणूबाईंचा पाय डोळे मिटून फिरला होता. आता दोघं बघत असताना तो जागचा हलेना.

“मी नाही आता आंधळ्यासारखी पुसणार,” त्या म्हणाल्या. “हे काय आहे ते आधी मला सांगा. आणि अप्पाजी, तुम्हीही सांगा. तेव्हा सगळी फरशी का धुतलीत, ते यांना एकदा तोंडानं सांगा. त्या सत्काराचा राग आला होता ना?”

अप्पाजींनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

“सत्काराचं वाईट वाटलं होतं. ते दोन दिवसांत गेलं असतं,” ते म्हणाले. “पण त्या शनिवारी चित्रात पुसायला काही नव्हतं. तासभर पाय उचलून उभा होतो मी. एक रेघ चुकलेली सापडेना. बारा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, संपलं, आता याला माझी गरज नाही. मग भीतीनं सगळंच धुऊन टाकलं.”

मग मुकुंदरावांनी डोळे पुसले आणि एकदम तावातावानं म्हणाले, “मूर्खा, ते चित्र चुकीचं होतं.”

“नव्हतं.”

“होतं. मिरची पार चेचली असती त्यानं. काढून दाखवतो.”

“काढ. बघू या.”

मुकुंदराव फरशीवर गुडघे टेकून बसले. काढता काढता बोलायला लागले, आणि अप्पाजी मधेच अडवून बोलायला लागले, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये, दोघं एकाच वेळी. समोरचा कापडवाला दुकानातून डोकावून बघायला लागला. वेणूबाईंनी स्टूल ओढलं आणि बरोबर दोघांच्या मधे ठेवून त्यावर बसल्या.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या, “आणि मला कळेल असं बोला.”